वॉर्ड पाचमधला कागदोपत्री बंद नळ

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय,
मुख्य इमारत, दुसरा मजला.

विषय : वॉर्ड क्र. ५ च्या दाराजवळील नळ सुरू करण्याबाबत; ते शक्य नसल्यास त्याहून लहान गोष्टींबाबत.

संदर्भ : १) आस्थापना शाखेचा बदली आदेश, चार महिन्यांपूर्वीचा.
२) सर्व वॉर्डांतील नळ बंद करण्याबाबतची कार्यालयीन टिपणी, सात वर्षांपूर्वीची.
३) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज. पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही.

अर्जदार : सफाई कामगार, पूर्वी वॉर्ड क्र. ५, सध्या अभिलेख कक्ष.
अर्ज लिहून देणार : अर्जदाराचा थोरला दीर, निवृत्त मुख्य लिपिक.

महोदय,

१. अर्जदार ही आपल्या रुग्णालयात एकवीस वर्षे सफाई कामगार आहे. त्यांपैकी सोळा वर्षे तिने वॉर्ड क्र. ५ मध्ये काढली. हजेरीपटावर तिचे नाव आहे, परंतु रखवालदारापासून शल्यविशारदांपर्यंत सगळे तिला ‘साबणमावशी’ म्हणतात, म्हणून येथे नाव लिहून कोणाला बुचकळ्यात टाकत नाही. अर्जदाराची मोठी जाऊ सध्या त्याच वॉर्डात खाट क्र. ११ वर आहे. गेल्या अडीच महिन्यांत तिला तिसऱ्यांदा तोच जुलाबाचा जंतुसंसर्ग झाला आहे. ती वाचावी एवढीच या अर्जामागची इच्छा असून बाकी सर्व तपशील आहे.

२. अर्ज लिहून देणार हा सदर रुग्णाचा पती आहे. अर्जदाराने याआधी तीन अर्ज स्वहस्ते दिले. पहिल्यात ‘वॉर्ड पाचचा नळ चालू करा’ एवढे एकच वाक्य होते. तो ‘विषय व संदर्भ नमूद नाही’ या शेऱ्यासह परत आला. दुसऱ्या अर्जात तिने विषय म्हणून ‘नळ’ आणि संदर्भ म्हणून ‘पाणी’ असे लिहिले. तिसऱ्यात ‘मागचे दोन वाचा’ असे लिहिले. या तिन्हींचा उपयोग पालथ्या घड्यावर पाण्याइतकाच झाल्याने तिने दिराला गाठले. लिहून देणाऱ्याने एकतीस वर्षे लिपिकी केली असून त्याला विषयाला धरून लिहिण्याची सवय आहे. निदान त्याचे स्वतःचे तसे मत आहे. अर्जदाराचे मत वेगळे आहे.

३. आजाराविषयी महोदयांना सांगणे म्हणजे वैद्याला काढा शिकवणे. तरीही कागद पूर्ण असावा म्हणून लिहितो. जंतूचे नाव क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल, वॉर्डातल्या बोलीत सी-डिफ. जखमेसाठी किंवा न्यूमोनियासाठी प्रतिजैविके दिली की पोटातले भले जंतूही मरतात आणि रिकाम्या घरात हा भाडेकरू शिरतो. मग दिवसाला दहा-पंधरा जुलाब, ताप, पोटात पिळवटणे. वयस्क माणूस असेल तर पंधरा दिवसांत निम्मा होतो. औषध आहे आणि ते लागूही पडते. परंतु जंतू मरताना बी टाकून जातो. ते बी चादरीवर, खाटेच्या दांड्यावर, दाराच्या कडीवर आणि माणसांच्या हातांवर महिनोन् महिने टिकते. सॅनिटायझरने ते मरत नाही. ते साबणपाण्याने हातावरून धुऊन काढावे लागते आणि खाट ब्लीचिंगच्या पाण्याने पुसावी लागते. अर्जदाराला ही गोष्ट वॉर्डाच्या जुन्या मोठ्या सिस्टरांनी एका वाक्यात सांगितली होती : “मावशी, या मेल्याला दारू चढत नाही, त्याला पाण्यातच बुडवायला लागतं.” त्या सिस्टर निवृत्त झाल्या. वाक्य अर्जदाराकडे राहिले.

४. आता नळाविषयी. सात वर्षांपूर्वीपर्यंत प्रत्येक वॉर्डाच्या दाराशी एक नळ आणि एक बेसिन होते. त्या साली एक निरीक्षण समिती आली. वॉर्ड क्र. २ मध्ये बेसिनखाली पाणी सांडले होते, त्यावरून समितीच्या एका सदस्यांचा पाय घसरला. ते पडले नाहीत. तरीही आस्थापना शाखेतून पुढील टिपणी सादर झाली आणि त्याच दिवशी मंजूर झाली :

“वॉर्डांतील नळांमुळे फरशी ओली राहते. समितीच्या मा. सदस्यांचा पाय घसरला आहे. हातांच्या स्वच्छतेसाठी प्रत्येक खाटेशी सॅनिटायझर उपलब्ध आहे. तरी वॉर्डांतील नळ बंद करण्यास हरकत नसावी.”

चार ओळी आहेत. टिपणी म्हणून तिच्यात दोष काढता येत नाही.

५. त्यानुसार प्लंबरने आठही वॉर्डांचे नळ बंद केले. पैकी वॉर्ड क्र. ५ ची चावी गंजली होती आणि त्याच्या पान्याला दाद देईना. दिवस मावळत आला होता. प्लंबरने ‘सर्व नळ बंद केले’ असा अहवाल दिला आणि तो घरी गेला. अशा रीतीने वॉर्ड क्र. ५ चा नळ कागदावर बंद झाला आणि भिंतीवर वाहत राहिला. अर्जदाराने हे कोणाला सांगितले नाही, कारण तिला कोणी विचारले नाही. तिने बेसिनखाली बादली ठेवली, फरशीवर गोणपाट टाकले आणि साबणाच्या वडीला भोक पाडून ती दोरीने नळाला बांधली.

६. त्यानंतर सात वर्षे अर्जदार सकाळी सात ते दुपारी तीन त्या दाराशी उभी असे. झाडू-फडके चालूच असे, पण डोळा दारावर. आत येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच शब्द म्हणे : “हात!” शिकाऊ डॉक्टर असो, मोठे सर्जन असोत, रुग्णाची सासू असो, की जेवणाच्या गाडीचा माणूस. कोणी सॅनिटायझरची बाटली दाखवली तर ती म्हणे, “ते बोटांना लावायचं अत्तर आहे, इथं हात धुवा.” एकदा एका विभागप्रमुखांनी, आपण कोण हे तिला ठाऊक आहे का, असे विचारले. अर्जदाराने त्यांना साबण दिला. दुपारी तीननंतर हीच पद्धत पाळीच्या सिस्टर चालवीत, कारण अर्जदार दुसऱ्या दिवशी येऊन वडी किती झिजली ते पाही. थोडक्यात, अर्जदार सात वर्षे वॉर्डाच्या हात धुवून मागे लागली होती.

७. गेल्या वर्षी रुग्णालयात संशोधन सुरू झाले. हा संसर्ग होऊच नये म्हणून एक कॅप्सूल निघाली होती. वॉर्ड पाच आणि सहामधल्या प्रतिजैविके घेणाऱ्या निम्म्या रुग्णांना खरी कॅप्सूल द्यायची, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ, आणि कोणाला काय मिळाले हे लिफाफ्यात बंद ठेवायचे, असा बेत होता. संशोधक डॉक्टरबाई मनमिळाऊ आणि कष्टाळू आहेत, याबद्दल अर्जदाराची काहीही तक्रार नाही. आठ महिन्यांत वॉर्ड सहामध्ये सतरा जणांना संसर्ग झाला. वॉर्ड पाचमध्ये एकालाही झाला नाही. खरी कॅप्सूल घेणाऱ्याला नाही आणि पोकळ घेणाऱ्यालाही नाही.

८. यामुळे संशोधन अडचणीत आले. डॉक्टरबाई एकदा बेसिनवर हात धुता धुता अर्जदाराला म्हणाल्या, “मावशी, तुमच्या वॉर्डात कोणी आजारीच पडत नाही हो. मी सिद्ध काय करू?” अर्जदाराला वाईट वाटले. तिने त्यांची क्षमा मागितली आणि नखेही धुवायला सांगितले.

९. दोन वॉर्डांत फरक काय, याचा शोध घेण्यासाठी चार जणांची समिती नेमण्यात आली. तिने गाद्यांचे, पडद्यांचे, पंख्यांच्या पात्यांचे नमुने घेतले. खिडक्यांची दिशा मोजली. रुग्णांना काय आवडते ते विचारले. कार्यालयाकडे लेखी विचारणा केली की दोन्ही वॉर्डांतील हात धुण्याच्या व्यवस्थेत काही फरक आहे काय. कार्यालयाने जुना अहवाल पाहून कळवले की फरक नाही, दोन्ही वॉर्डांतील नळ बंद आहेत. समिती तीन दिवस वॉर्ड पाचमध्ये ये-जा करीत होती. प्रत्येक वेळी दाराशी चारही सदस्यांनी साबणाने हात धुतले, कारण अर्जदार तेथे होती. समितीच्या अहवालात ‘उल्लेखनीय असे काही आढळले नाही’ असे म्हटले आहे.

१०. समितीने शेवटी एवढीच शिफारस केली की दोन्ही वॉर्डांतील परिस्थिती सारखी असावी आणि कर्मचारी एकाच जागी वर्षानुवर्षे राहू नयेत. त्यावरून सोळा वर्षे एकाच वॉर्डात असलेल्या कर्मचाऱ्यांची यादी काढण्यात आली. यादीत एकच नाव होते. अर्जदाराची बदली ‘संशोधनाच्या हितार्थ’ अभिलेख कक्षात झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी असे अर्जदाराचे म्हणणे नाही. तसे तिच्या धाकट्या भावाचे म्हणणे आहे. त्याच आठवड्यात नव्या प्लंबरला वॉर्ड पाचचा नळ ठिबकताना दिसला. त्याने कागद तपासले, नळ बंद असायला हवा असे त्याला कळले, आणि त्याने नवी चावी बसवून तो बंद केला. वस्तुस्थिती कागदाशी जुळवण्यात आली. बेसिनही काढून नेले. भिंतीवर चार भोके आणि साबणाची दोरी राहिली आहे.

११. बदलीनंतर एकोणिसाव्या दिवशी वॉर्ड पाचमध्ये पहिल्या रुग्णाला लागण झाली. आजवर एकूण नऊ झाले. संशोधनाच्या तिमाही अहवालात ‘अभ्यासाला समाधानकारक गती आली आहे’ असे वाक्य आहे. नऊपैकी चौथी रुग्ण अर्जदाराची जाऊ होय.

१२. अर्जदाराची जाऊ वय वर्षे सदुसष्ट, बोलकी, कधी आजारी न पडणारी. माळ्यावरचा साखरेचा डबा काढताना ती स्टुलावरून पडली आणि मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. जखम थोडी चिघळली म्हणून प्रतिजैविके सुरू केली. सहाव्या दिवशी जुलाब सुरू झाले. औषधाने ते थांबले, ती घरी आली, सर्वांनी सुस्कारा सोडला आणि अकराव्या दिवशी ये रे माझ्या मागल्या. पुन्हा वॉर्ड, पुन्हा औषध, पुन्हा घर, पुन्हा वॉर्ड. आता मनगटावरचे घड्याळ कोपरापर्यंत सरकते. पहिल्या खेपेला ती सिस्टरांशी थट्टा करीत असे. दुसऱ्या खेपेला तिने घरच्या किल्ल्या कोठे आहेत ते लिहून देणाऱ्यास सांगितले. या खेपेला ती फारसे बोलत नाही. परवा फक्त म्हणाली, “इथं हात धुवायला नळ होता ना हो? धाकटी सारखी ओरडत असायची. त्याला काय झालं?” लिहून देणाऱ्याने पंख्याकडे पाहिले.

१३. उपचार करणारे डॉक्टर म्हणतात की औषध चालू आहे, पण दर खेपेला आतडे अधिक थकते. आता पुन्हा बाहेरून बी पोटात जाता कामा नये. अशा रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवावे आणि तिचे शौचालय वेगळे असावे. वॉर्ड पाचला अशी एक खोली आहे. तिच्यात सध्या संशोधनाच्या कॅप्सूलचे खोके आहेत. खोक्यांना अद्याप संसर्ग झालेला नाही.

१४. संशोधक डॉक्टरबाईंनी आणखी एक उपाय सुचवला आहे. निरोगी माणसाच्या विष्ठेतले भले जंतू रुग्णाच्या आतड्यात सोडले की ते पुन्हा घर करतात आणि भाडेकरूला बाहेर काढतात. हा उपाय वारंवार उलटणाऱ्या दुखण्यात पुष्कळ ठिकाणी गुणकारी ठरला आहे. त्यासाठी घरच्यांची तपासणी झाली. लिहून देणारा रोज पाच गोळ्या घेतो म्हणून नापास झाला. अर्जदाराचा नवरा लाजून घरीच राहिला. अर्जदार सर्व चाचण्यांत उत्तीर्ण झाली. प्रयोगशाळेने तिच्या नमुन्यावर ‘उत्तम’ असा शेरा दिला असून एकवीस वर्षांच्या नोकरीत तिला मिळालेला हा पहिला चांगला शेरा आहे. परंतु प्रस्ताव आपल्या कार्यालयातून एका शंकेसह परत आला : रुग्णालयातून बाहेर टाकावयाची वस्तू रुग्णालयात आत येणार असल्यास ती कोणत्या नमुन्यात नोंदवावी? लिहून देणाऱ्याने ही शंका दोनदा वाचली. ती उत्तम मांडलेली आहे. त्याने स्वतः नोकरीत असताना तीच काढली असती.

१५. प्रस्ताव सुटेपर्यंत निदान हात तरी धुतले जावेत म्हणून अर्जदाराने पुढील प्रयत्न केले :

कामाच्या वेळेत ती वॉर्ड पाचच्या दाराशी जाऊन उभी राहिली. अभिलेख कक्ष सोडून गेल्याबद्दल तिला समज देण्यात आली.

कामाची वेळ संपल्यावर ती गेली. तेव्हा ती कर्मचारी नसल्याने तिला भेटपास लागतो असे कळले. एका रुग्णामागे एकच पास असतो. तो लिहून देणाऱ्याकडे आहे.

तिने लिहून देणाऱ्याबरोबर साबण आणि पाण्याची बाटली आत पाठवली. बाहेरील वस्तू आत नेण्यास मनाई असल्याने गेटवर साबण जप्त झाला. असे एकूण सहा साबण जप्त झाले आहेत. रखवालदार त्या साबणांनी जेवणापूर्वी हात धुतात. रखवालदारांची प्रकृती उत्तम आहे.

सातवा साबण लिहून देणाऱ्याने चष्म्याच्या डबीत लपवून आत नेला. हे तो स्वखुशीने कबूल करतो. परंतु पत्नीचे हात पुसून काय होणार? तिला हात लावणारे दिवसाकाठी चौदा जण आहेत आणि त्यांना थांबवावे लागते. लिहून देणाऱ्याने तसा प्रयत्न केला. शिकाऊ डॉक्टर खाटेपाशी आले तेव्हा तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, “आपणांस विनंती आहे की…” तोवर त्यांचे नाडी पाहून झाले होते. लिहून देणाऱ्याला ओरडता येत नाही. तो आयुष्यभर लिहीत आला आहे.

१६. आता अभिलेख कक्षाविषयी, कारण या अर्जाचे मूळ तेथे आहे. अर्जदार तेथे जुन्या फाइलींवरची धूळ पुसते. फाइलीला हात लावण्यापूर्वी आणि नंतर अभिलेखपालांनी हात धुवावेत असा तिचा आग्रह असतो आणि ते धुतात. अर्जदार सातवीपर्यंत शिकली आहे. ती हळू वाचते, पण एकदा धरलेला कागद सोडत नाही. तीन आठवड्यांपूर्वी तिच्या हाती संदर्भ क्र. २ ची टिपणी आली. सही खाली पुसट होती. परंतु अर्जदाराने अक्षर ओळखले. हेच अक्षर घरच्या डब्यांवर आहे, ‘साखर’, ‘मीठ’, ‘चहा’. हेच अक्षर दूधवाल्यासाठी दाराला लावलेल्या चिठ्ठीवर असते : ‘उद्या दूध नको. हरकत नसावी.’

१७. सदर टिपणी लिहून देणाऱ्याने लिहिलेली आहे.

१८. त्या दिवशी तो पाऊण तासात मोकळा झाला होता. तत्कालीन अधीक्षकांनी सांगितले, ‘काहीतरी करून टाका’, आणि काहीतरी करून टाकण्यात लिहून देणाऱ्याचा हातखंडा होता. तो एकाही वॉर्डात गेला नाही. सॅनिटायझरने सर्व जंतू मरतात काय हे त्याने कोणाला विचारले नाही. त्याने फक्त वाक्ये नीट लागली आहेत ना ते पाहिले. संध्याकाळी घरी जाऊन त्याने पत्नीला टिपणी वाचून दाखवली होती. तिला त्याच्या टिपण्या ऐकायला आवडत. ती म्हणाली होती, “छान आहे. पण धाकटी चिडेल.” धाकटी म्हणजे अर्जदार. धाकटी तेव्हा चिडली नाही, कारण तिच्या वॉर्डाची चावी गंजली होती. हाताने लिहिलेले असे सात वर्षांनी घरी परत येते याची लिहून देणाऱ्याला कल्पना नव्हती.

१९. कागद पाहून अर्जदार घरी आली. घरात स्वयंपाक तीच करते, ताटे तीच वाढते. तीन दिवस तिने ती नेहमीप्रमाणे वाढली. चौथ्या दिवशी ती लिहून देणाऱ्याच्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “भाऊजी, माझ्या एका ओळीनं नळ उघडत नाही. तुमच्या चार ओळींनी तो बंद झाला होता. आता उघडायच्या चार लिहा.” मग तिने त्याला मोरीत नेऊन कोपरापर्यंत हात धुवायला लावले आणि कोरा कागद दिला. ती चिडली असती तर बरे झाले असते.

२०. लिहून देणार बसला, परंतु चार ओळींत त्याला जमेना. म्हणून हा अर्ज एवढा लांबला. त्याबद्दल तो दिलगीर आहे. लिहून देणार घाबरलेला आहे. अर्जात हे वाक्य बसत नाही हे त्याला ठाऊक आहे, तरी ते खोडू नये.

२१. सबब, अर्जदाराची नम्र विनंती पुढीलप्रमाणे आहे :

अ) अर्जदाराची बदली रद्द करून तिला वॉर्ड क्र. ५ च्या दाराशी परत नेमावे आणि तेथील नळ, बेसिन, दोरी व साबण पूर्ववत करावेत.

आ) बदली रद्द करणे नियमात बसत नसल्यास, केवळ नळ सुरू करावा. फरशी ओली राहू नये म्हणून गोणपाट अर्जदार घरून आणील.

इ) नळही नियमात बसत नसल्यास, खाट क्र. ११ शेजारी एक बादली, एक तांब्या आणि एक साबण ठेवू द्यावा, व खोक्यांची खोली खोक्यांना अपुरी पडत नसेल तर तिच्यात खाट क्र. ११ मावेल काय ते पाहावे.

ई) यांपैकी काहीच शक्य नसल्यास, लिहून देणाऱ्याकडील भेटपास अर्जदाराच्या नावे करावा. त्यामुळे लिहून देणाऱ्याला पत्नीला भेटता येणार नाही. त्याला ते मान्य आहे. तो व्हरांड्यात उभा राहील. आत ओरडता येणारे माणूस असणे अधिक आवश्यक आहे.

२२. संशोधनाबाबत एक खुलासा. गेल्या आठवड्यात लिफाफे उघडले. खरी कॅप्सूल घेणारे आणि पोकळ घेणारे सारख्याच संख्येने आजारी पडल्याचे दिसून आले. खाट क्र. ११ ला खरी मिळाली होती. कॅप्सूलचा उपयोग होत नाही हे निर्विवाद सिद्ध झाले असून त्याबद्दल डॉक्टरबाईंचे अभिनंदन. मात्र पहिले आठ महिने वॉर्ड पाचमध्ये कोणी आजारी का पडले नाही, हा प्रश्न त्यांच्या वहीत अजून उघडा आहे. त्याचे उत्तर अभिलेख कक्षात धूळ पुसत आहे. डॉक्टरबाईंना हवे असल्यास ते सकाळी सात ते दुपारी तीन या वेळेत पाहता येईल. जाताना हात धुवावे लागतील.

२३. महोदयांचा वेळ वाचावा म्हणून मंजुरीसाठी तयार टिपणी सोबत जोडली आहे. तिच्यावर केवळ सही करायची आहे. तिचे अक्षर अभिलेख कक्षातील मूळ टिपणीशी ताडून पाहावे. तोच माणूस आहे याची खात्री पटेल. अर्जदाराने ती वाचली असून मोजूनही पाहिली आहे.

उत्तराची वाट पाहणारी,
साबणमावशी
(सही, स्वहस्ते)
सफाई कामगार, अभिलेख कक्ष

लिहून देणार : (सही)
निवृत्त मुख्य लिपिक, आस्थापना शाखा

दिनांक : ९, सोमवार. रुग्णाचा तिसऱ्या खेपेचा आठवा दिवस.

सोबत :
१) अर्जदाराचे मागील तीन अर्ज, मूळ शेऱ्यांसह.
२) प्रयोगशाळेचा ‘उत्तम’ शेरा, छायाप्रत.
३) खाट क्र. ११ चा भेटपास, मूळ.
४) साबणाची वडी, एक, भोक पाडलेली.
५) मंजुरीसाठी टिपणी, खालीलप्रमाणे :

“वॉर्ड क्र. ५ मधील नळ बंद आहे. फरशी कोरडी आहे. खाट क्र. ११ वरील रुग्ण माझी पत्नी आहे. तरी नळ सुरू करण्यास हरकत नसावी.”